आईचा बिडाचा तवा

मैत्रिणींनो, आज सकाळी नेरूळहून आलेल्या माझ्या नणंदेने, शुभाने, माझ्या आईचा बिडाचा तवा तारेच्या घासणीने खरवडून काढला. वर म्हणते, "वहिनी, केवढा मळ होता गं!"

तो मळ नव्हता. आईने वर्षानुवर्षं तेल मुरवून त्याला आणलेली काळी झिलई होती. आई आता नाही.

मी हसले. दुपारी तिचा नवरा जेवायला आला तेव्हा म्हटलं, "शुभा, आज घावनं तूच घाल."

पहिलं चिकटलं, दुसरं फाटलं. नवरा रिकामं ताट घेऊन बसलेला.

"वहिनी, सुटतच नाहीये!"

"मळ गेला ना सगळा."

आत्ता तव्याला तेल चोळताना डोळे भरून येतायत. पण नॉनस्टिक तवा ओट्याखालीच होता, आणि मी तो काढला नाही, याचं वाईट वाटत नाहीये.

तुम्ही काढला असता?