‘ने’ म्हणजे हो

कंडक्टरनं तिकीट विचारलं, की सुमनमावशी आधी ‘तिकीट’ हा शब्द फ्रान्सातून कसा आला ते सांगत आणि मगच पर्स उघडत. बेंबळीहून धाराशिवच्या शाळेत इंग्रजी शिकवायला त्या रोज एसटीनं जात. निवृत्तीनंतर ऐकायला कंडक्टर उरला नाही, तेव्हा शेजारीण म्हणून मी सापडले. “मंगल, माणसाचं आन शब्दाचं मूळ गाव विचारल्याबिगर मत बनवू न्हाय,” असं त्या बजावत.

त्यांचा एकुलता एक समीर जहाजावर इंजिनिअर. त्यानं ग्रीसमधली एलेनी पसंत केली. मावशींनी व्हिडिओ कॉलवर मुलगी बघायचं ठरवलं. ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या. फोन मी धरला. शुद्ध इंग्रजीत त्यांनी विचारलं, “माझा मुलगा तुला मनापासून आवडतो का?”

पोरगी लाजली, इंग्रजी विसरली आणि म्हणाली, “ने, ने, ने!”

मावशींनी फोनच बंद केला. “न्हाय म्हणली! तेबी हसत!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझं लेकरू फसलं गं.”

लगेच समीरचा मला फोन. “काकू, ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो! आईला सांगा.”

मावशींना पटेना. “संस्कृतातला न, आपलं न्हाय, इंग्रजांचं नो, ही एकाच आजोबाची नातवंडं. त्यात हो कुठनं आलं?”

मग त्यांनी चष्मा लावून मोबाइलवर सगळा युरोप पालथा घातला. सर्बियात ‘ने’ म्हणजे नाहीच. पण ग्रीकांचा ‘ने’ निराळ्या घराण्यातला निघाला. ‘खरंच’ असं शपथेवर सांगणारा तो जुना शब्द. वर पोलंडचा ‘नो’ सापडला, तो चक्क आपल्या ‘हं, हो’सारखा. मावशी पोट धरून हसल्या. “इंग्रज ‘नो’ म्हणून दार लावणार आन पोलंडवाला ‘नो’ म्हणून आत येणार!”

त्यांनी स्वतःच एलेनीला फोन लावला. “शपथेवर म्हणालीस ना? मग ठरलं.”

लग्न धाराशिवला झालं. पंगतीत वाढपी पुऱ्या दाखवी, एलेनी “ने!” म्हणे, आणि तो बिचारा पुऱ्या घेऊन पुढं जाई. नवरी उपाशी राहतेय हे पाहून मावशी ओरडल्या, “अरे, ती ‘ने’ म्हणली की आणा!”

नात झाल्यावर मावशी ग्रीसलाच राहायला गेल्या. परवा त्यांचा फोन आला. “मंगल, इथली भाजीवाली अजून देऊ का विचारती. मी न्हाय म्हणते, तिला ‘ने’ ऐकू येतं, आन ती आणखी एक जुडी पिशवीत कोंबती.”

“एवढ्या भाजीचं करता काय तुम्ही?”

“शेजारणींत वाटते. एक म्हातारी तर रोज निवडायला येऊन बसती. तिचं मला कळत न्हाय, माझं तिला. लई गप्पा होत्यात.”