माय मुंबईला जाऊन आली

जालना वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या भागात विमान सुरू झालं. मी तेव्हा बारावी होऊन पिंपळगाव रेणुकाईला घरीच होते. ताई, माझी थोरली बहीण, मुंबईत दिलेली. पहिलंच बाळंतपण, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळं ती माहेरी आलेली नव्हती. श्रावणातल्या एका सकाळी पोस्टमास्तर स्वतः दारात आले. पोस्टातल्या फोनवर दाजींचा निरोप आला होता.

"पोरीला दवाखान्यात नेलंय, मायला जल्दी पाठवा, येवढं ऐकू आलं. मंग लाइनच गेली."

"कळा सुरू झाल्या म्हणून नेलंय, का आणखी काही?" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

"ते न्हाई कळलं."

ताईला आठवाच महिना होता. मायनं भाकर तव्यावरच राहू दिली आणि उठली. मग उठून कुठं जायचं ते न समजून पुन्हा बसली.

रेल्वेनं जायचं तर मनमाडला गाडी बदला, जागा मिळेल न मिळेल. शाळेतल्या गुरुजींनी विमानाचं सुचवलं. माणसं फारशी बसत नाहीत, पण लहान गावांची सोय म्हणून तिकिटाचा बराचसा वाटा सरकार भरतं, असं ते म्हणाले.

"सरकार माझं तिकीट का भरून राह्यलं?" मायला काही ते पटेना. "मंग मागंल काय?"

"मागू दे. तू पोरीपाशी जा," दादा म्हणाले. ती एकटी जाईना, म्हणून मलाही सोबत धाडलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. राजूरला गाडी थांबली तेव्हा दादांनी खिडकीतूनच गणपतीला हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत. जालन्याबाहेरच्या माळावर एक पत्र्याची शेड, तारेचं कुंपण आणि लांबलचक काळी पट्टी. एवढंच विमानतळ. शेडमधल्या माणसानं मायला काट्यावर उभं राहायला सांगितलं.

"मला का मोजतो बाबा? मी काय सरकी हाय?"

"विमान छोटं आहे मावशी. कोणी कुठं बसायचं ते वजनावर ठरतं."

माय गाठोडं पोटाशी धरून काट्यावर चढली. दादा कुंपणाबाहेर उभे राहिले.

विमानात आमच्याखेरीज तीन माणसं होती. आवाज इतका की शेजारी बोललेलं ऐकू येईना. मायनं डोळे गच्च मिटले ते उघडलेच नाहीत. मी खाली पाहत होते. शेतं, पाझर तलाव, मग नुसते ढग. बऱ्याच वेळानं पुढून कोणीतरी हिंदीत ओरडून सांगितलं. मला त्यातलं "बंबई" आणि "बादल" एवढंच कळलं. विमान कलंडल्यासारखं झालं, वळलं, आणि आणखी काही वेळानं उतरलं.

"आलं का?" मायनं विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

खाली उतरून पाहते तर पत्र्याची शेड, तारेचं कुंपण. माय थबकली.

"अगं, हा वजनवाला आपल्याआधी कसा आला?"

मलाही क्षणभर वाटलं, सगळीकडं असंच असत असेल. मग त्या माणसानंच सांगितलं, मुंबईवर ढग फार खाली आलेत, उतरू दिलं नाही, म्हणून विमान परत आणलं. कुंपणाबाहेर दादा तसेच होते, टाचा उंचावून बघत. आम्ही बाहेर येताच घाईनं पुढं आले.

"कशी हाय पोरगी?"

मी मायकडं पाहिलं. विमान झटक्यात जातं-येतं, हे दादांनी गुरुजींकडून ऐकलेलं. आम्ही जाऊन आलो असंच त्यांना वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माय म्हणाली,

"बरी हाय."

दादा मटकन खालीच बसले. उपरण्यानं तोंड झाकून रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

"पण दोन महिने राहावं लागंल तिच्यापाशी," माय सांगत होती. "आज रेल्वेनंच जातो मायलेकी."

दादांनी एकदाही विचारलं नाही, की मग परत आलातच कशाला. स्टेशनवर त्यांनी गाडीत बसवून दिलं. गाडी हलल्यावर मी मायला म्हटलं, "खोटं का बोललीस?"

"त्यांचं तोंड पाह्यलं न्हाई का तू?" ती म्हणाली. मग दचकून माझा हात धरला. "बरी असंल ना गं ती?"

मनमाड येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडं पाहणं टाळत होतो.

ताई बरी होती. मुलगी झाली होती, वेळेआधी, काचेच्या पेटीत ठेवलेली, मुठीएवढी. आम्ही पोचलो त्याच दिवशी मायनं काचेबाहेरूनच तिच्यावरून हात फिरवला. महिन्याभरानं ती पेटीतून बाहेर आली. आज ती अंबडच्या कोर्टात वकिली करते.

विमान थोड्याच दिवसांत बंद पडलं. दादा मात्र पुढं कित्येक वर्षं पारावर सांगायचे, "आमची मंडळी सकाळी मुंबईला गेल्ती, पोरीला पाहून दुपारच्या आत परत आल्ती." लोक हसायचे, दादाही त्यांच्यात हसायचे. त्यांना खरं माहीत होतं की नव्हतं, मला आजही कळत नाही. मायला एकदा विचारलं, तर तिलाही ठाऊक नव्हतं.