तळ्याकाठचा झिरा

ऐन वैशाखात आम्ही नवरा-बायको आमच्या चिंगी कुत्रीला घेऊन डोंगरावरच्या तळ्याकडे निघालो. ऑपरेशननंतर ती मागचा एक पाय टेकवतच नव्हती. "टेकवेल हळूहळू, फिरवा तिला," असं डॉक्टर म्हणाले होते. पायथ्याच्या गावातला एक तांबडा कुत्रा न बोलावताच आमच्या पुढे चालू लागला. गडा-डोंगरांवर असा सोबती भेटतोच, आणि भाकरीत त्याचा वाटा धरावाच लागतो.

चढावर चिंगी सारखी बसायची. "उचलू का हिला?" मी विचारलं. "थांब गं, उठेल ती," नवरा म्हणाला.

वर पोचून पाहिलं तर तळं आटून शेवाळलेलं डबकं उरलेलं. एवढी तंगडतोड याच्यासाठी? मी चिडलेच. तांबड्याने मात्र काठच्या ओलसर वाळूत खड्डा उकरला आणि शेजारी निवांत बसून राहिला. तळाशी गढूळ पाणी झिरपलं, मग सावकाश निवळलं. मला वाटलं, आशा म्हणतात ती हीच असावी: आधी उकरायचं, मग थांबायचं. चिंगीच्या पायासाठी मी इतके दिवस नुसतीच थांबले होते.

तांबडा पाणी प्यायला. चिंगीने ते पाहिलं आणि शेजारीच दोन्ही पुढच्या पंजांनी वाळू उडवायला सुरुवात केली. तिचा सगळा भार मागच्या पायांवर होता. दोन्ही पायांवर.