सात डावे हात

“मॅडम, हे हात माझे आहेत का, तेवढं बघून सांगा,” वर्षा म्हणाली. तिनं आपला पंजा भिंतीजवळ नेला, पण टेकवला नाही.

भैरवगढच्या त्या घरात मी ओलीची तक्रार बघायला गेले होते. तीस वर्षं मी हेच काम करतेय. फ्रीगंजमध्ये माझं छोटं ऑफिस आहे आणि उज्जैनमध्ये लोक मला ‘सीलनवाली मॅडम’ म्हणतात. वर्षाचा नवरा शिरीष फोनवर एवढंच बोलला होता, “पेंटचे पोपडे निघतायत, काहीतरी पांढरं येतंय.” हातांचं त्यानं नावही काढलं नव्हतं.

मागच्या खोलीच्या लांब भिंतीला फिकट निळा ऑइल पेंट होता. तो एका ओळीत सात ठिकाणी सुटला होता. सुटलेल्या जागी पिंजलेल्या कापसासारखी पांढरी पूड फुलली होती. प्रत्येक जागेला तळवा होता, बोटं होती. सगळे डावे हात. आणि सगळे माझ्या गुडघ्याच्या जरासे वर. उभ्या माणसाचा हात तिथे पडत नाही. त्यासाठी एक तर वाकावं लागतं, नाहीतर माणूस जमिनीत अर्धा उतरलेला हवा. हा दुसरा विचार मनात आला आणि मी खिडकी उघडली.

पांढऱ्या पुडीला आपण लोणा म्हणतो. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं विटांमध्ये पाणी चढतं. चढताना विटेतलं, मातीतलं मीठ विरघळवून सोबत आणतं. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि फुलताना पेंटला बाहेर ढकलतं. पाऊस ओसरून भिंती वाळायला लागल्या की लोणा जास्त दिसतो. इथवर मला काहीच नवीन नव्हतं. पण लोणा ढगासारखा कसाही पसरतो. बोटं काढत नाही.

शिरीष मला अंगणात घेऊन गेला. तो कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला होता. आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, घरात आम्ही दोघंच. मी दिवसभर बाहेर. सकाळी तिच्या हाताला पांढरी पूड लागलेली असते. चार महिन्यांत दोनदा पेंट केला, दोनदा तेच. रविवारी तिचा भाऊ देवासहून तिला न्यायला येतोय. काही दिवस माहेरी राहील, मग डॉक्टरला दाखवू.”

“तिनं कबूल केलं?”

“ती म्हणते, झोपेत करत असेन तर मला कसं कळणार?”

मी आत आले. वर्षा अजून तिथेच उभी होती.

“पूड हाताला कशी लागते?” मी सरळच विचारलं.

“रोज सकाळी लावून बघते. माझा हात त्यात बसतो का.” तिनं आपला पंजा उलटून बघितला. “अजून बसलेला नाही. पण एखाद्या दिवशी बसेल असं वाटतं.”

मी टेप काढून तिचा पंजा मोजला, मग भिंतीवरचे सातही. सगळ्यात लहान पंजासुद्धा तिच्यापेक्षा दोन बोटं रुंद होता. मी तिला आकडे दाखवले. तिनं मान हलवली. मोजमापावर विश्वास बसण्याच्या पलीकडे ती गेली होती.

मग मी आमची जुनी टेस्ट लावली. दोन पंजांवरचा पेंट खरवडला, लोणा कोरड्या ब्रशनं झाडला, प्लास्टर स्वच्छ केलं. आता तिथे कसलाही आकार नव्हता. त्यावर जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवलं. ओल खोलीतल्या हवेची असेल तर प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला दव धरतं. भिंतीतून येत असेल तर आतल्या अंगाला. टेपवर आम्ही तिघांनी सह्या केल्या. खोलीला कुलूप लावून किल्ली मी पर्समध्ये टाकली. तो मंगळवार होता.

शनिवारी सकाळी गेले. सोबत माझा मिस्त्री कैलास होता. सह्या जशाच्या तशा होत्या. प्लास्टिकच्या आत थेंब साचले होते, म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. मी टेप सोडवली.

पांढरी पूड कुठेच नव्हती. ती येणार नव्हतीच, पाणी उडून जायला वाव नव्हता. पण स्वच्छ केलेल्या प्लास्टरवर, ओल्या काळपट रंगात, दोन पंजे उमटले होते. बोटांची पेरंसुद्धा कळत होती. मी हात लावला. बाजूची भिंत साधी होती, पंजा मात्र गार आणि चिकट.

शिरीषनं सोडवलेल्या टेपवरची आपली सही पुन्हा तपासली. वर्षा त्याच्याकडे बघत नव्हती. “म्हणजे आतून येतायत,” ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती की भीती, मला सांगता आलं नाही.

कैलास तोवर हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकत चालला होता. भिंतीलगतच्या पट्ट्यात आवाज बदलला.

“मैडम, नीचे पोल है.” भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरशीखाली पोकळी होती.

जुनं घर खोदण्याआधी मी शेजारी जुनं माणूस शोधते. समोरच युसुफचाचा राहत होते. वय ऐंशीच्या पुढे, जन्म कापडाच्या छपाईत गेलेला. त्यांना आणलं. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतली.

“यहाँ कपड़ा खारा होता था,” ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. छपाईआधी कोरं कापड मिठाच्या, एरंडेलाच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवायचे. जमिनीत लांब हौद होता. माणसं एकामागे एक त्यात उतरायची, तोल जाऊ नये म्हणून डावा हात भिंतीला लावायची आणि तासन्‌तास तुडवत राहायची. प्रत्येकाची जागा ठरलेली. वर्षानुवर्षं तोच खारा, तेलकट हात त्याच जागी. पुढे कारखाना गेला, हौद बुजवून वर फरशी आली. मधल्या मालकानं भिंतीला प्लायवूड ठोकलं होतं, ते शिरीषनं घर घेतल्यावर काढलं.

मीठ हवेतून, विटेतून पाणी ओढतं. जिथे मीठ मुरलं होतं तिथेच ओल धरत होती, तिथेच पेंट सुटत होता. सगळं हिशेबात बसलं. मी वहीत लिहून घेत होते.

चाचा ओळीनं पुढे सरकत होते, ओठ हलत होते. पाचव्या पंजापाशी ते गुडघ्यांवर बसले. मी मोजताना फक्त रुंदी बघितली होती; तेव्हा आम्हाला पहिल्यांदा दिसलं, त्याची करंगळी अर्धीच होती.

“ये अब्बा हैं,” ते म्हणाले.

होते नाही, आहेत. त्यांनी आपला डावा हात त्या पंजावर ठेवला. तो नेमका बसला, करंगळी तेवढी पुढे आली. फरशीखाली कुठेतरी पाणी ठिबकत होतं, तो आवाज तोवर मला ऐकूच आला नव्हता.

वर्षानं विचारलं, “चाचा, डर नहीं लगता?”

“डर कैसा, बेटा? काम पर खड़े हैं.”

पाणी ठिबकत होतं ते बाथरूमच्या फुटलेल्या पाइपमधून. फरशी उघडली तेव्हा हौद सापडला. त्यातला भराव खचून वर हातभर पोकळी झाली होती. बाथरूमचं पाणी त्यात साठत होतं आणि जुनं मीठ घेऊन भिंतीत चढत होतं. वर्षाची शिलाई मशीन बरोबर त्या पोकळीवर ठेवलेली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर ती मशीनसकट खाली गेली असती.

पाइप बदलला, भराव उपसला, हौद कोरडा करून पक्का भरला. भिंतीला मुलतानी मातीचा ओला लेप दिला. लेप वाळताना भिंतीतलं मीठ ओढून घेतो, मग तो काढून टाकायचा. असं तीनदा केलं. जुनं प्लास्टर काढायची वेळ आली तेव्हा कैलास छिन्नी घेऊन उभाच राहिला. मी चाचांना निरोप धाडला. ते आले, भिंतीसमोर घटकाभर थांबले आणि “चलाओ” म्हणून निघून गेले. नवीन प्लास्टर चुन्याचं केलं, वर चुन्याचे तीन हात दिले. ऑइल पेंट भिंतीचा श्वास कोंडतो. ओल असलेल्या घरात तो कधीच लावू नये.

त्याआधी रविवारी वर्षाचा भाऊ आला होता. मी पाइपचं काम बघायला तिथेच होते. बॅग भरलेली होती.

शिरीष म्हणाला, “आता राहू दे ना. आता काय गरज आहे?”

“जाते,” वर्षा म्हणाली. “तू ठरवलंस म्हणून नाही. मला झोप हवीय.”

ती महिन्याभरानं परत आली, चुना वाळल्यावर. त्या दोघांचं पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही, ते माझं कामही नव्हतं. पण भिंतीचं कारण मला चार दिवसांत सापडलं, आणि तिला मात्र चार महिने कुणी विचारलं नव्हतं की हाताला पूड लागते कशी.

साइट व्हिजिटच्या फॉर्ममध्ये मी आता एक रकाना वाढवलाय: ‘घरात यासाठी कुणाला दोष दिला जातोय?’ बहुतेक घरी तो ‘पाणी कुठून येतं?’ या रकान्याच्या आधी भरला जातो.