उलटा टांगलेला तक्ता

माझ्या नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासूनच शहाणी. हा गैरसमज मी फार निगुतीनं जपला आहे. पण आता पायही कुरकुरतात आणि लाजही उरलेली नाही, तेव्हा दवाखान्याची गोष्ट सांगून टाकते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांची आणि मॅट्रिक पास. सासरच्या अख्ख्या गोतात मॅट्रिक झालेली पहिली सून, आणि कुणी विसरू नये म्हणून मी ते दिवसातून दोनदा कुठेतरी ओवायचेच. वरणात मीठ जास्त पडलं तरी मॅट्रिकचा विषय निघायचा. आमचे हे नागपूरच्या सदर भागात एका ऑफिसात कारकून. आमचा संसार तिथंच दोन खोल्यांत. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, उमरेडला धाकट्या दिराकडे. तिथं घरात माग होता. सासऱ्यांच्या मागं तो त्याच चालवत. लुगड्याचा कसलाही काठ असो, कागद नाही की पेन्सिल नाही. कितव्या धाग्यावर पाय दाबायचा हे सगळं त्यांच्या डोक्यात.

त्या वर्षी पावसाळा सरताना त्या एसटीनं आमच्याकडे आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "डोये दाखवा लागते वं."

कारण मला नंतर कळलं. काठात चुका निघू लागल्या होत्या. दोन लुगडी परत आली होती. दीर म्हणाला होता, "माय, दिवाळी झाली की माग मोडू. तिथं खाट टाकू, तू आराम कर." आराम हा शब्द आत्याबाईंनी असा उच्चारला, जणू त्यांना कुणी शिवी दिली होती.

मंगळवारी आम्ही डोळे दाखवायला मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं डॉक्टरपर्यंत पोचायला तीन दारं. पहिल्या खिडकीवर नावाचा कागद काढायचा. मग तक्त्याची खोली. तिथं एक सहायक छडीनं भिंतीवरच्या तक्त्यावर खुणा दाखवायचा आणि ज्याला दिसत नसेल त्यालाच आत मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचा. ज्याला दिसलं त्याला दारातूनच थेंबांची बाटली. हा नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता. मला तो कळायला हवा होता. मी काय बघत होते, तर सहायकाचं अक्षर किती वाईट आहे ते.

न शिकलेल्यांसाठी तक्त्यावर अक्षरं नव्हती. तीन दातांच्या फण्या छापलेल्या होत्या, वर मोठ्या, खाली बारीक होत गेलेल्या. दात कुठल्या बाजूला, एवढंच सांगायचं. आमच्या पुढचा म्हातारा दुसऱ्या ओळीतच अडखळला. सहायक खेकसला, "बाबाजी, ध्यान कुठं हाये?" रांग हसली. आत्याबाईंनी माझा पदर ओढला.

"मले नाही जमनार. लोकं हासतीन."

तेवढ्यात बारा वाजले, खोली बंद झाली, आणि आम्हाला पुढचा मंगळवार मिळाला. खोली बंद व्हायच्या आत मी काय केलं असेल? तो सगळा तक्ता, ओळ न् ओळ, कागदाच्या पाठीमागं उतरवून घेतला. परीक्षेआधी प्रश्नपत्रिका हाती लागली, आणि ती सोडून देणारी मी नव्हते!

घरी येऊन वर्तमानपत्रावर काजळीनं मोठ्ठा तक्ता काढला आणि चुलीजवळच्या भिंतीला चिकटवला. अभ्यास सुरू झाला. मला वाटलं होतं, आठवडा जाईल. आत्याबाईंना दोन दिवस लागले. आयुष्यभर काठ डोक्यात ठेवलेली बाई ती. पाटावर बसून, मागाच्या पावड्या दाबाव्या तसे पाय हलवत त्या म्हणायच्या, "खाली, उजवा, वर, वर, डावा..." भाजी चिरताना तेच, देवासमोर हात जोडूनही तेच. तक्त्याकडे बघावं लागत नव्हतं, याचा मला कोण अभिमान!

हे म्हणाले, "काय चाललंय?"

"तयारी."

"डोळ्यांची?"

"परीक्षेची," मी म्हटलं. ते ऑफिसला निघून गेले. त्यांनीही पुढं विचारलं नाही, म्हणून थोडा दोष त्यांच्याकडे टाकायला मला आवडतं.

पुढच्या मंगळवारी आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून ताठ उभ्या राहिल्या. सहायकानं वरून खाली छडी फिरवली. एक डोळा झाकून घडाघड, दुसरा झाकून घडाघड. "वा, बुढे! माह्यापेक्षा चांगलं दिसते तुले," तो म्हणाला, कागदावर दोन शब्द खरडले आणि थेंबांची बाटली दिली. पुढचा.

आम्ही बाहेर येऊन फाटकाजवळच्या बाकावर बसलो. मी संत्री घेतली. निकालाच्या दिवशी पेढे वाटतात, तसं.

बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती. चाळिशीची, पदर कमरेला खोचलेला, हातात चार-पाच जणांचे कागद. तिला मी दोन्ही मंगळवारी पाहिलं होतं. कधी या माणसाबरोबर, कधी त्या. सगळ्या दारांतले शिपाई तिला ओळखत. मी तिला दलाल ठरवून मोकळी झाले होते. आत्याबाईंनी संत्र्याची फोड घ्यायला हात पुढं केला, तो फोडीच्या बाजूनं गेला. बाईनं ते पाहिलं.

"काय झालं म्हने आतमधी?"

"आम्हाला दलाल नको," मी शुद्ध पुस्तकी मराठीत म्हटलं.

"दलाल पैसे घेते. मी संत्रं घेतो," असं म्हणून तिनं माझ्या हातातली फोड उचलली, खाल्ली, आणि मला ओलांडून आत्याबाईंना विचारलं, "माय, घरी काय करत होतीस, जे आता होत नाही?"

हा प्रश्न दवाखान्यात कुणी विचारला नव्हता. खरं तर घरीही नाही. मीही नाही.

"धागा तुटला तं दिसत नाही. बोटानं चाचपा लागते. सहा महिने झाले, काठ मी बोटानंच विनून राहिली. पोरगा माग मोडतो म्हनते."

मी संत्रं सोलायची थांबले. सहा महिने!

"अन् आत हे सांगतलं?"

"आत कायले सांगू? आत तं मी पास झाली!" आत्याबाईंचा चेहरा फुलला, पाय हलू लागले. "खाली, उजवा, वर, वर, डावा..."

बाईनं आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे तुमी शिकवलं काय वं, मास्तरीणबाई?" आणि ती अशी हसली की झाडावरचा कावळा उडाला. मग हसू पुसून उठली. "चला."

सहायक वैतागला. "अवो, हिचं झालं नं!"

"झालं, पन उलटं झालं. दोन मिनटं दे. तो तक्ता उलटा टांग गा, बाबू."

का कोण जाणे, त्यानं टांगला. बहुधा तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं असावं. वरची मोठी फणी खाली गेली, बारक्या वर आल्या. छडी फिरू लागली आणि आत्याबाई पूर्ण आत्मविश्वासानं, खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "खाली, उजवा, वर, वर, डावा..." शेवटच्या फणीपर्यंत. एकही बरोबर नव्हती.

रांग हसली. सहायकही हसला, मग त्यानं आपण लिहिलेले दोन शब्द खोडले. आत्याबाई विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळल्या, आणि माझं तोंड पाहून त्यांना कळलं.

"तूच तं शिकवलं होतं वं," त्या हळूच म्हणाल्या. त्या आवाजाची लाज मला आजही वाटते. बाकी सगळ्याला मी हसते, त्याला नाही.

आतल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजव्यातला पिकत आलेला. ऑपरेशनसाठी पुढची तारीख दिली.

मला आता त्या बाईचं कुतूहल स्वस्थ बसू देईना. कागदांचा तो गठ्ठा तिच्या हातात होता, म्हणून विचारलं, "यातला आमचा कोणता, हे वाचून सांगता का?"

"वाचता कुठं येते मले?" तिनं कागद पंख्यासारखे पसरले. प्रत्येकाची घडी वेगळी होती. एकाचा कोपरा दुमडलेला, एकाला मधोमध चूण, एकाला दोरा. "हा कोपऱ्याचा, त्याची छाती. दोऱ्याची ही बाई, हिचं पोट. तुमच्या बुढीचा मी आता उलटा घडी केला."

ती कन्हानची. नवरा खाणीत कामाला होता, छातीनं आजारी पडला. "पाच महिने मी या वऱ्हांड्यात राहिली. तो डाक्टरले रोज म्हने, बरं हाये जी. मोठ्या मानसानं विचारलं तं असंच म्हना लागते नं? डाक्टर लिवे, बरं हाये. कोन्या दारात काय सांगा लागते, हे तवा कोनी सांगतलं असतं तं..." तिनं पसरलेले कागद पुन्हा गोळा केले, आणि एकदा तरी शहाणपण करून मी पुढचं विचारलं नाही. कन्हानहून कुणी दवाखान्यात निघालं की ती बरोबर निघायची, एवढंच.

ऑपरेशन झालं. त्याआधी त्या बाईनं आत्याबाईंकडून दोनदा घोकून घेतलं होतं: दुखलं तर दुखते म्हनजो, बरं हाये म्हनशीन तं याद राख. त्यामुळे आत्याबाईंनी वॉर्डात इतकं खरं बोलून ठेवलं की सिस्टर मला म्हणाली, तुमच्या सासूबाईंना थोडं खोटं बोलायला शिकवा. मी म्हटलं, नको, तो प्रयोग झालाय.

दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा मिळाला आणि पुन्हा तीच खोली, तोच सहायक, तोच तक्ता. आत्याबाई मोठ्या झालेल्या डोळ्यांनी तक्त्याकडे पाहत राहिल्या.

"हं, बुढे, सांग."

"पाठ केलेलं सांगू का दिसते ते?"

"दिसते ते सांग, माय."

त्यांनी सावकाश, एकेक फणी पाहून सांगितली. तिसऱ्या ओळीशी थांबल्या.

"बाबू, हे फणी वाकडी छापली हाये. मधला दात आखूड हाये तिचा."

सहायक उठून तक्त्याजवळ गेला. नाक लावून पाहिलं. खरंच आखूड होता. मी तोच तक्ता दोनदा उतरवला होता, माझ्या मॅट्रिक पास डोळ्यांनी.

उमरेडला पोचल्यावर, दिरानं मागाजवळ आणून ठेवलेली खाट आत्याबाईंनी अंगणात नेऊन ठेवायला सांगितली. दिवाळी झाली, तरी ती तिथंच होती, आणि तिच्यावर दीर झोपत होता.