साडूचे कप्पे

माझा साडू स्वर्गात गेला, तर आधी देव एका ओळीत आणि त्यांची वाहनं दुसऱ्या ओळीत लावील, मगच बूड टेकील. चिवडा समोर आला की शेंगदाणे, डाळं, खोबरं वेगळं काढून एकेक प्रकार संपवतो. मेव्हण्याच्या लग्नात यानं मांडवाबाहेरच्या चपला लावल्या. चामड्याच्या इकडे, रबरी तिकडे, बुटांची रांग निराळी. पाहुणे जिथं काढल्या तिथंच शोधत राहिले. दुसऱ्या कुणाला शिव्या बसल्या असत्या. आमचे सासरे मात्र त्यांच्या ताडकळस गावभर सांगत सुटले, "धाकट्या जावयाचा हात लय शिस्तीचा हाय." त्याच लग्नाच्या पत्रिका मी छापल्या होत्या. सेलूत शून्यातून छपाईचं दुकान उभं केलेल्या या थोरल्या जावयाबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द मी कधी ऐकला नाही.

साडू राणीसावरगावला गणिताचा मास्तर. फावल्या वेळात त्यानं कॉम्प्युटरसाठी छोटा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की फोटो फोटोंच्या कप्प्यात, पत्रं पत्रांच्या, गाणी गाण्यांच्या. सासऱ्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता, तरी त्याचंही कौतुक झालं. मी किंमत विचारली, अर्ध्यावर पाडायची तयारी ठेवून. तो म्हणाला, "साडूभाऊ, फुकट हाय." फुकटात काय पाडणार? माझं डोकंच सटकलं. तीन वर्षं तो प्रोग्राम मी दुकानात शिरू दिला नाही.

मग सासरे गेले. वर्षश्राद्धाला त्यांचा एक धड फोटो सापडेना, तेव्हा बायकोनं साडूलाच बोलावलं. फायलींनी गच्च भरलेला माझा स्क्रीन पाहून त्यानं आधी आपला प्रोग्राम टाकला आणि बटण दाबलं. फोटो निघाला. गाण्यांच्या कप्प्यात मात्र एकच फाईल पडली, आणि ते गाणं नव्हतं. माझा जुना मोबाईल कॉम्प्युटरवर रिकामा करताना आलेला, सासऱ्यांनी बोलून पाठवलेला निरोप होता, लग्नपत्रिका पोचल्या त्या दिवशीचा. भाव पाडायला बोलत असतील म्हणून मी तो तेव्हा ऐकलाच नव्हता.

"जावईबापू, पत्रिका लय झकास झाली. अख्ख्या गावाला दाखवायलोय. समोर सांगितलं की तुमी भाव वाढवताल, म्हणून यात बोलायलोय."

मग साडू म्हणाला, "माझ्यापाशी ते माझं कधीच बोलले न्हाईत. तुमचंच सांगायचे." हे खरं की माझी समजूत काढायला, मी विचारलं नाही.

ती फाईल मी कप्प्यातून काढून बाहेर, स्क्रीनच्या मधोमध ठेवली. साडूचा हात माऊसकडे गेला, थांबला, आणि त्यानं तो मांडीखाली दाबून धरला.