राजाच्या मानेचे सात टाके

हे माझ्या नवऱ्यालाही मी कधी सांगितलं नाही — आणि त्याच्यापासून मी एरवी फक्त माझं वजन लपवायचे. आज तुम्हाला सांगते. जरा जवळ सरका.

माझी नात पूर्वा हिने कॉम्प्युटरवर आठ मिनिटांचा कार्टूनपट केलाय, आमच्या नानांवर! नाना म्हणजे माझे थोरले दीर. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ घेऊन सारा खानदेश पालथा घालायचे. परवा धुळ्याच्या हॉलमध्ये तो दाखवला. काय सांगू तुम्हाला! शेवटी नाना मरतात आणि त्यांच्याच चार बाहुल्या त्यांना खांदा देतात. तिरडीवरून नाना डोकं वर काढून ओरडतात, "सावकाश रे, मांगला वाकडा चाली ऱ्हायना!" लोक डोळे पुसत हसत होते. माझी कवळी निसटून पदरात पडली, तरी माझ्या टाळ्या चालूच.

पण सगळ्यात मोठा हशा पिकला तो राजाच्या डोक्याला. ते खरंच घडलेलं, भडगावच्या खेळात. दुसऱ्या प्रवेशात राजा हुकूम सोडतो, "या चोराचं मुंडकं उडवा!" — आणि धप्पकन राजाचंच मुंडकं खाली! घरंगळत गेलं ते थेट पाटलांच्या मांडीवर. मग पडद्यामागून नानांचा आवाज, "परधानजी, हुकूम उलटा लागना!" अन् लगेच बाहुल्यांनी राजाची अंत्ययात्रा काढली. भडगाव लोळलं हसून. पुढे यावल असो की धुळे, लोक तोच खेळ मागायचे.

डोकं का पडलं, हे पूर्वाने मला विचारलं होतं. मी पटकन म्हणाले, "अक्काचा टाका सुटला."

अक्का म्हणजे नानांची बायको, माझी मोठी जाऊ. पडद्यावर पूर्वाने तिला जाड भिंगाचा चष्मा लावलाय. ती हवेतच सुई चालवते आणि राजाबरोबर स्वतःचा पदरही शिवून टाकते. हॉल खदखदला. मीही. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल, सांगा बरं?

आता येते मुद्द्यावर — येते हो, पाय जड झालाय.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची. नवी नवरी, नाक कायम वर. स्वतःला काय समजायचे — जणू सुईचा शोध माझ्याच माहेरी लागलेला! पण नाना रोज जेवताना म्हणायचे, अक्काच्या टाक्याला तोड नाही. रोज! माझ्या भाकरीला कोणी कधी काही म्हटलं का? बाहुलीचं डोकं लाकडाचं, अंग कापडाचं. मान शिवायची मेण लावलेल्या दोऱ्याने, सात टाक्यांत. बाहुल्यांच्या पेटीला अक्काशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा घरचा दंडक.

भडगावच्या खेळाआधी अक्का पूजेचं ताट आणायला गेली — आणि मी कात्री घेतली. तीन टाके. वाटलं होतं, डोकं जरा डुगडुगेल, नाना तिच्यावर करवादतील, बस. आणि बावळट मी, तेवढ्यावरही थांबले नाही. कापलेल्या दोऱ्याचं टोक सरळ असतं, तुटलेल्याचं पिंजारतं — हे मला अक्कानेच शिकवलेलं. म्हणून मी ती टोकं दातांनी चावून पिंजारली. दात तेव्हा माझे स्वतःचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना रागावले नाहीत. तेच वाईट झालं. हळू आवाजात म्हणाले, "आते तुना हात थकना. सुई धाकलीले दे." धाकली म्हणजे मी. अक्काने सुईदोऱ्याचा डबा माझ्यापुढे ठेवला, वर मेणाचा खडाही दिला. त्यानंतर तिने सुई धरली नाही. स्वतःच्या चोळीचं बटण तुटलं तरी माझ्याकडे घेऊन यायची. ओट्यावर बसून बोटं उघडायची, मिटायची. मला विचारायची, "धाकले, मना टाका कसा सुटना व?"

आणि मी? मी म्हणायचे, "होतं अक्का, वय झालं."

वय! चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

ती गेली, नाना गेले, माझा नवराही गेला. चूक मात्र तिच्याच नावावर राहिली. आता तर ती रंगीत झालीय, चष्म्यासकट हलते, बोलते. पडद्यावर शेवटी "विशेष आभार" म्हणून नाव येतं ते माझं. पुढच्या आठवड्यात जळगावला दाखवणार आहेत. पूर्वाला मी अजून काही बोललेले नाही. तुम्ही वाचाल, तेव्हाच तीही वाचेल.

अक्काचा टाका सुटला नव्हता. तीन मी कापले. उरलेल्या चारांनी राजाचं ते लाकडी डोकं पहिला अख्खा प्रवेश तोलून धरलं होतं.